ट्यूब बदला, पण विष दुसऱ्याच्या झोळीत टाकू नका

"ताई, सहा वाजले की डोकं ठणकायला लागतं. डोळ्यांत पाणी येतं. नंबर लागला असेल का?"

आरोग्य तपासणीला आम्ही वस्तीत बसलो की हा प्रश्न हमखास येतो. विचारणारी कधी शिवणकाम करणारी भगिनी असते, कधी लेथवर काम करणारा भाऊ, कधी मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात दिवसभर बारीक तार गुंडाळणारा पोरगा. चाळिशी ओलांडली असेल तर जवळचा चष्मा लागतो, हे खरे. म्हणून डोळे तपासून घ्या, असे आम्ही प्रत्येकाला सांगतो. पण त्याबरोबर आता आणखी एक प्रश्न विचारायला शिकलो आहोत : "तुमच्या डोक्यावर दिवा कोणता आहे?"

उत्तर शोधायला आम्ही त्यांच्या शेडमध्ये जातो. टिनाचे छत, त्याखाली धुळीने माखलेली पट्टी, तिच्यात दोन्ही टोके काळी पडलेली ट्यूब. लुकलुकते आहे आणि चोक घुंई करतो आहे. काम करणारा म्हणतो, "चालते अजून." चालते हे खरे, पण कोणाच्या जिवावर चालते, ते आज पाहू.

थांबलेला दिसला, पण थांबलेला नव्हता

आमच्या ओळखीच्या एका शेडमधली गोष्ट आहे. गाव आणि नाव सांगत नाही, कारण असे शेड प्रत्येक तालुक्यात आहे. रात्रीचे काम चालू होते. शेजारी ग्राइंडर ओरडत होता, त्यात लेथचा आवाज बुडून गेला. कामगाराला वाटले, चक थांबला. त्याने हात पुढे नेला. चक फिरतच होता. दोन बोटे गेली.

सगळे म्हणाले, पोराचे लक्ष नव्हते. आम्हीही तेव्हा तसेच समजलो. आता वाटते, त्याच्या डोळ्यांनी त्याला फसवले असण्याची शक्यता कोणी तपासलीच नाही.

आपल्या घरची वीज सेकंदाला ५० वेळा मागेपुढे होते. त्यामुळे साध्या चोकवर चालणाऱ्या ट्यूबचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. इतक्या वेगाची थरथर डोळ्यांना वेगळी दिसत नाही, पण ती असते. ट्यूबच्या उजेडात छताचा पंखा कधी कधी उलटा फिरल्यासारखा दिसतो, तो याच कारणाने.

आता हिशोब करा. चार जबड्यांचा चक मिनिटाला १,५०० फेरे फिरतो आहे. म्हणजे सेकंदाला २५ फेरे. ट्यूबच्या उजेडाच्या एका ठोक्यापासून दुसऱ्या ठोक्यापर्यंत तो बरोबर पाव फेरा पुढे जातो. चार जबडे सारखेच, त्यामुळे प्रत्येक ठोक्याला पहिल्या जबड्याच्या जागी दुसरा आलेला असतो. डोळ्याला वाटते, चक जागेवरच आहे. वेग थोडा कमी-जास्त असेल, तर तो सावकाश फिरताना दिसतो, कधी उलटाही. ट्यूबच्या आतली पूड थोडी चमकत राहते म्हणून हा भास दरवेळी पूर्ण होत नाही. पण आवाज दबलेला आणि माणूस थकलेला असेल, तर अर्धा भासही पुरतो.

हे जुने मिस्त्री जाणून होते. म्हणून मोठ्या कारखान्यांत शेजारशेजारच्या ट्यूब तीन वेगवेगळ्या फेजवर जोडत. एकीचा उजेड उतरला की दुसरीचा चढलेला असे. आपल्या छोट्या शेडमध्ये बहुतेक वेळा एकच फेज आणि यंत्रावर एकच ट्यूब असते.

डोके का ठणकते

डोळ्याला थरथर दिसली नाही, तरी मेंदू तिचा हिशोब ठेवतो. १९८९ मध्ये ब्रिटनमधील अर्नॉल्ड विल्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका कार्यालयात याचा अभ्यास केला. साध्या चोकऐवजी फार जास्त वेगाने चालणारा इलेक्ट्रॉनिक चोक लावला, तेव्हा उजेडाची थरथर जवळपास नाहीशी झाली. तिथल्या लोकांची डोकेदुखी आणि डोळ्यांवरचा ताण सरासरी निम्म्याहून कमी झाला. माणसे तीच होती आणि कामही तेच होते. बदलला होता तो चोक.

त्यात अपुरा उजेड मिळाला की भर पडते. साध्या यंत्रकामाला ३०० लक्स, बारीक कामाला ५०० आणि शिलाईला ७५० लक्सच्या आसपास उजेड असावा, असे प्रमाण जगभर धरतात. लक्स म्हणजे कामाच्या जागेवर पडणाऱ्या उजेडाचे माप. मोबाइलवर ते मोजणारी ॲप मिळतात. आकडा अगदी अचूक नसतो, पण अंदाज येतो. वयाचाही विचार करा. साठीच्या माणसाच्या डोळ्यात आतपर्यंत पोहोचणारा उजेड विशीतल्या पोराच्या सुमारे एक तृतीयांश असतो. शेडच्या मालकाच्या मुलाला "भरपूर उजेड आहे" असे वाटते, तेव्हा त्याच ठिकाणी बसलेल्या आजोबांना सुईचे नेढे दिसत नसते.

एलईडीने काय बदलते

ट्यूबमध्ये पाऱ्याची वाफ असते. वीज गेली की त्या वाफेतून डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण निघतात आणि काचेच्या आतली पांढरी पूड त्यांचे उजेडात रूपांतर करते. एलईडीमध्ये वाफ नाही आणि पाराही नाही. एका लहानशा अर्धवाहक तुकड्यातून थेट प्रकाश निघतो. पांढऱ्या उजेडासाठी लागणारी निळी एलईडी तयार करणाऱ्या इसामू आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. पुढच्याच वर्षी जानेवारीत आपल्याकडे उजाला योजना सुरू झाली आणि एलईडी बल्ब गावोगावच्या घरांत पोहोचले. घरात बल्ब बदलले, शेडमध्ये मात्र जुनी पट्टी राहिली. कामाचे आठ-दहा तास आपण त्या पट्टीखालीच काढतो.

पैशाचा हिशोबही सांगतो, कारण मालक तोच विचारतो. ४० वॅटची ट्यूब आणि तिचा चोक मिळून सुमारे ५० वॅट खातात. तिच्या जागी २० वॅटची एलईडी पट्टी लागते. एका पट्टीमागे ३० वॅट वाचतात. दहा पट्ट्या, रोज दहा तास, वर्षाचे ३०० दिवस धरले तर वर्षाला ९०० युनिट. युनिटला ८ रुपये धरले तर ७,२०० रुपये. एक पट्टी समजा ३०० रुपयांना पडली, तर दहा पट्ट्यांचे ३,००० रुपये पाच महिन्यांत वसूल होतात. तुमच्या बिलावरचा दर टाकून हा हिशोब स्वतः करून पाहा.

आपल्याकडे आणखी एक फायदा आहे. संध्याकाळी शेतातले पंप सुरू झाले की दाब उतरतो आणि ट्यूब नुसती लुकलुकत राहते. चांगली एलईडी कमी दाबावरही सरळ पेटते. जिनिंगच्या भागात तर जुन्या चोकची वेगळी भीती आहे. ट्यूब पेटायचे नाव घेत नाही, चोक तापत राहतो आणि त्यावर रुईची तूस साचलेली असते. पुढे काय होऊ शकते ते जिनिंगवाल्यांना सांगायला नको. अशा ठिकाणी धूळ आत न जाणारी बंद पट्टीच लावावी. तिच्यावर 'आयपी ६५' असे लिहिलेले असते.

पण प्रत्येक एलईडी चांगली नसते

इथे आम्हाला थोडे थांबून सांगायचे आहे. एलईडी विजेतला बदल लगेच पकडते. म्हणून तिला स्थिर वीज देणारा ड्रायव्हर आत लागतो. स्वस्त मालात हा ड्रायव्हर नावापुरता असतो. मग तीच एलईडी जुन्या ट्यूबपेक्षा जास्त थरथरते. पैसे गेले, बिल कमी झाले, आणि बोटांचा धोका होता तिथेच राहिला, असे होऊ शकते.

दुकानातच परीक्षा घ्या. दिवा पेटवायला सांगा आणि त्याच्यासमोर पेन जोरात डावीकडे-उजवीकडे हलवा. पेनाचा एकसंध फिकट पट्टा दिसला तर उजेड स्थिर आहे. पंख्याच्या पात्यांसारखी अनेक पेने सुटीसुटी दिसली तर तो दिवा परत ठेवा. मोबाइलच्या स्लो मोशन कॅमेऱ्यातही थरथर दिसते. या परीक्षेला एक पैसाही लागत नाही.

खरेदी करताना आणि लावताना एवढे पाहा :

१) पाकिटावर बीआयएसचा नोंदणी क्रमांक, वॉरंटी आणि वॅटबरोबर 'ल्युमेन' लिहिलेले असावे. वॅट म्हणजे खाल्लेली वीज, ल्युमेन म्हणजे दिलेला उजेड. २० वॅटला २,००० ल्युमेनच्या आसपास मिळायला हवेत. बिल जपून ठेवा.

२) रंग ४,००० केल्विनच्या जवळचा घ्या. ६,५०० केल्विनचा निळसर पांढरा उजेड भडक वाटतो आणि रात्री उशिरापर्यंत त्याखाली काम केले की झोप लांबते.

३) शिवणकाम, रंगकाम करणाऱ्यांनी 'सीआरआय' विचारावा. तो ८० पेक्षा कमी नको, दोऱ्याचा रंग जुळवायचा असेल तर ९० असल्यास उत्तम. नाहीतर रात्री जुळलेला दोरा सकाळी वेगळाच दिसतो.

४) दिव्यावर दुधी झाकण असावे. उघडे ठिपके डोळ्यांत खुपतात.

५) जुन्याच पट्टीत एलईडी ट्यूब बसवण्यापेक्षा पूर्ण पट्टी बदला. जुन्या पट्टीत चोक आणि स्टार्टर काढून वायरिंग बदलावे लागते. ते चुकले तर ट्यूब बसवताना उघड्या पिनेत करंट येऊ शकतो. हे काम मेन स्विच बंद करून, जाणत्या वायरमनकडूनच करून घ्या. अर्थिंग त्याच वेळी तपासा.

६) पट्टी टिनाला चिकटवू नका. मे महिन्यात आपल्या जिल्ह्यात टिन किती तापते ते आपण जाणतो, आणि उष्णतेने ड्रायव्हर लवकर मरतो. साखळीने खाली सोडा. वारा लागेल, उजेडही कामाच्या जवळ येईल.

७) फिरणाऱ्या यंत्रावर आणि शिलाई मशीनच्या सुईवर वेगळा छोटा दिवा लावा. उजव्या हाताने काम करणाऱ्याला उजेड डावीकडून यावा, म्हणजे हाताची सावली कामावर पडत नाही.

आणि दिवा कितीही चांगला असला तरी यंत्राचे झाकण लावलेलेच असावे, स्विच बंद करून फेरे थांबेपर्यंत हात मागे असावा. उजेड मदत करतो, झाकणाची जागा घेत नाही.

काढलेल्या ट्यूबचे काय?

आता या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. नव्या पट्ट्या लागल्या, शेड उजळले, फोटो काढले. काढलेल्या दहा-वीस ट्यूब कुठे गेल्या? बहुतेक ठिकाणी उत्तर एकच मिळते : "मागे टाकल्या", "घंटागाडीत दिल्या", "भंगारवाल्याने नेल्या."

त्या मागच्या उकिरड्यावर कोण जाते? घंटागाडीवर उभे राहून हाताने कचरा कोण दाबते? चोकमधले तांबे मिळावे म्हणून तो जाळणारी, पट्टीचा पत्रा सोडवण्यासाठी ट्यूब फोडणारी माणसे कोणाच्या घरची आहेत? हे आपल्याला वेगळे सांगायला नको. त्यांतले कितीतरी जण आपलेच आहेत.

आम्ही दवाखान्यात नोकरीला होतो, तेव्हा थर्मामीटर फुटले की पाऱ्याचे चकाकते गोळे फरशीवर पळायचे. नव्या मुली बोटाने त्यांच्याशी खेळायच्या. ज्येष्ठ सिस्टर ओरडायच्या, तेव्हा आम्हाला त्यांचा राग यायचा. त्या ओरडायच्या ते बरोबर होते, पण खरा धोका बोटाला नसतो. पाऱ्याची वाफ होते, तिला रंग नाही, वास नाही. श्वासातून आत गेलेल्या वाफेतला सुमारे ८० टक्के पारा शरीरात राहतो. तो मेंदूला आणि मूत्रपिंडाला त्रास देतो. हात थरथरणे, झोप उडणे, चिडचिड, विसरभोळेपणा, हिरड्या सुजणे ही त्याची लक्षणे. गरोदर बाईच्या शरीरातून तो पोटातल्या बाळापर्यंत पोहोचतो.

घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. एका ट्यूबमध्ये जुन्या-नव्यानुसार सुमारे ३ ते १५ मिलिग्रॅम पारा असतो. घरात एखादी ट्यूब फुटली आणि खिडक्या उघडल्या, तर काही होत नाही. पण बंद खोलीत, उन्हाळ्यात, रोज ढिगाने ट्यूब फोडणाऱ्याची गोष्ट वेगळी आहे. २०१७ मध्ये आपल्याच जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. विष प्यायलेच पाहिजे असे नसते, ते नाकातून आणि कातडीतूनही आत जाते, हा धडा यवतमाळला फार महाग पडला आहे. तो इथे विसरू नये.

जगाने हा धडा जपानमधल्या मिनामाता गावात घेतला. तिथे एका कारखान्याने पारा समुद्रात सोडला, तो माशांत गेला आणि मासे खाणाऱ्या कोळ्यांची घरे उद्ध्वस्त झाली. तो आजार १९५६ मध्ये उघड झाला. त्या गावाच्या नावाने २०१३ मध्ये पाऱ्याविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि २०१८ मध्ये भारताने त्याला मान्यता दिली. २०२३ च्या जिनिव्हा बैठकीत या करारातल्या देशांनी सर्व प्रकारच्या ट्यूबचे उत्पादन आणि आयात-निर्यात २०२७ पर्यंत थांबवायचे ठरवले. म्हणजे पुढच्या काळात जुन्या ट्यूब मोठ्या संख्येने निघणार आहेत. त्या कुठे जातील, हे आत्ताच ठरवले पाहिजे.

एवढे करा :

- काढलेली ट्यूब अखंड ठेवा. नव्या पट्टीच्या पुठ्ठ्यातच ती घाला आणि उभी न ठेवता आडवी, पोरांच्या हाताला न लागेल अशी ठेवा. पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहा : "पारा आहे, फोडू नका."

- एकट्या शेडच्या चार ट्यूबसाठी कोणी येत नाही. एका गल्लीतल्या, एका एमआयडीसीतल्या शेडवाल्यांनी मिळून साठवा. पारा असलेले दिवे ई-कचऱ्याच्या नियमांत येतात आणि ते परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. नव्या पट्ट्यांची मोठी खरेदी करताना विक्रेत्याला अट घाला की जुन्या घेऊन जा आणि नोंदणी असलेल्या पुनर्प्रक्रिया केंद्रालाच द्या.

- नगर परिषदेला अर्ज द्या : अशा धोकादायक कचऱ्यासाठी वेगळी पेटी हवी आणि घंटागाडीवरच्या कामगारांना हातमोजे व मास्क हवेत. अर्जाची पोच घ्या.

- चोक जाळू नका, कोणाला जाळू देऊ नका. भंगारात द्यायचा तर अख्खा द्या.

- ट्यूब फुटलीच तर सगळ्यांना बाहेर काढा, दारे-खिडक्या उघडा, पंखा बंद करा आणि पंधरा मिनिटे थांबा. झाडू मारू नका, त्याने पूड हवेत उडते. जाड पुठ्ठ्याने काचा गोळा करा, उरलेली पूड चिकटपट्टीने आणि ओल्या कागदाने टिपा. सगळे झाकणाच्या बरणीत बंद करा, हात साबणाने धुवा. गरोदर बाई आणि लहान मुले यांना या कामापासून लांब ठेवा.

उजेड हा हक्क आहे

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. वीज हा विषयही तेव्हा त्यांच्याच खात्याकडे होता. देशाला वीज कशी मिळावी आणि कामगाराला किती तास राबवावे, हे दोन्ही प्रश्न त्यांनी एकाच टेबलावर हाताळले. १९४६ मध्ये त्यांनी मांडलेल्या दुरुस्तीने कारखान्यातले आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आले. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याने कलम १७ मध्ये स्पष्ट लिहिले की कामाच्या जागी पुरेसा आणि योग्य उजेड असला पाहिजे, डोळे दिपता कामा नयेत आणि अपघात होईल अशी सावली पडता कामा नये.

हा कायदा ठरावीक संख्येपेक्षा जास्त कामगार असलेल्या कारखान्यांसाठी होता. चार माणसांच्या शेडमध्ये, घरातल्या शिलाई मशीनवर तो पोहोचला नाही. तिथे आपल्यालाच एकमेकांची काळजी घ्यावी लागते. कामगाराने मालकाला हा लेख दाखवावा. मालकाने, तोही बहुतेक वेळा आपल्यासारखाच कष्ट करून उभा राहिलेला असतो, पाच महिन्यांचा हिशोब करावा. बचत गटातल्या भगिनींनी पट्ट्या एकत्र घेतल्या तर भावही कमी मिळेल.

त्या दिवशी विचारणाऱ्या ताईंचा चष्म्याचा नंबर आम्ही काढून घेतला. तो लागलाच होता. पण चष्म्याबरोबर त्यांच्या मशीनवर स्थिर उजेडाची एक पट्टीही लागली आणि जुनी ट्यूब पुठ्ठ्यात बंद होऊन कोपऱ्यात आडवी ठेवली गेली. तिच्यावर त्यांच्या मुलीने खडूने लिहिले आहे : "फोडू नका." तुमच्या शेडमध्ये पट्टी बदलाल, तेव्हा हे दोन शब्द लिहायला विसरू नका.